दोन वेळची वाट

मोबाइलच्या पडद्यावर नागपूर आणि बंगळुरूचे विमानतळ एका निळ्या, किंचित वाकलेल्या रेषेनं जोडलेले होते. खाली लिहिलं होतं : पावणेदोन तास. पुढच्या शिक्षणासाठी उद्या मी त्या रेषेवरून जाणार होते.

दशम्यांसाठी दुधात पीठ मळता मळता आईनं विचारलं, "किती वेळच्या बांधू व?"

आमच्याकडे वाट अशीच, वाटेत लागणाऱ्या जेवणांवर मोजतात. मामाचं गाव एका वेळचं, ताईचं सासर दोन वेळचं.

"एकाही वेळच्या नको, आई. भूक लागायच्या आत पोचते."

तिचा चेहरा उजळला. "मंग त मामापेक्षा जवळ आहे व! सणासुदीला येशीलच."

मी पुन्हा त्या रेषेकडे पाहिलं. विमान अंतर कापत नसेल कदाचित. वरून अलगद निघून जात असेल, आणि खाली सगळ्या नद्या, रानं, अनोळखी गावांतले दिवे तसेच लांबच लांब पसरून राहत असतील. एवढं भाडं पुन्हा पुन्हा परवडणारं नव्हतं; शिक्षण संपेपर्यंत सणाला येणं जमणार नव्हतं. ते तिला कसं सांगावं, कळेना.

"आई," मी हळूच म्हटलं, "दोन वेळच्या बांध."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं परातीत आणखी पीठ घेतलं.