मी तयार केलेली शिवी

“शिव्या हव्यात, पण खऱ्या नकोत,” असं मला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगण्यात आलं. लोअर परळच्या एका कंपनीसाठी मी मोबाईलवर ऐकायची मराठी मालिका लिहायला घेतली होती. रोज एक भाग, वीस मिनिटांचा. गोष्ट दूरच्या एका ग्रहावरची. जमिनीच्या पोटात खोदलेलं सोळा मजल्यांचं बंद शहर. बाहेर श्वास घेता येत नाही आणि आत हवा वरच्या मजल्यांवरून खाली सोडतात.

“माणसं भांडणार म्हणजे शिव्या देणारच,” तिथली संपादक म्हणाली. “पण आई-बहीण नको, जात नको, कुणाचं व्यंग नको. नवीन बनव. ती त्या लोकांची रोजची भाषा वाटली पाहिजे.”

मला हे काम मनापासून आवडलं. लहानपणी लालबागच्या चाळीत जेवढ्या शिव्या ऐकल्या होत्या, त्यांतून आई-बहीण, जात आणि व्यंग काढलं तर हातात काहीच उरत नव्हतं. सगळं नव्याने करायचं होतं. ‘झडप लाव’ म्हणजे गप्प बस. ‘उसन्या हवेवर फुगलेला’ म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर मिरवणारा. चिडलेली बाई म्हणायची, ‘तुझ्या हवेला भोक पडो.’ वही भरत चालली होती.

हे सगळं मी घरी बसून लिहायची. घर लालबागला, चाळ पाडून बांधलेल्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर. एक खोली, एक किचन. खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगचं बहुमजली पार्किंग आहे, त्यामुळे भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. बाबांनी गिरणीत, सूत कातायच्या रिंगखात्यात उभी हयात काढली. तिथला कापूस छातीत बसला, आणि गेली दोन वर्षं त्यांच्या नाकाला नळी आहे. नळीचं दुसरं टोक कॉटशेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनला. ती संडासच्या दारापर्यंत पुरते, किचनच्या ओट्यापर्यंत पुरत नाही. भाऊ नालासोपाऱ्याला राहतो. तो रविवारी आला की मी दोन तास खाली उतरते. बाकी सहा दिवस आम्ही दोघंच.

शब्द सुचेनात तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, “गिरणीत शिव्या काय द्यायचे?”

“कोणाला?”

“कोणालाही.”

एका वाक्यासाठी त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतो. “कोणालाही द्यायची अशी शिवी नसते, बाय. माणूस बघून देतात.”

आजोबांना विणकाम खात्यात घेतलं नव्हतं, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि आमच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालणार नव्हता, एवढं मला माहीत होतं. बाबांना स्वतःला काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

नवव्या भागात मला सगळ्यांत खालच्या मजल्यावरच्या लोकांसाठी शब्द हवा होता. त्यांच्यापर्यंत मोकळी हवा पोचत नाही. भिंतीतून निघालेली नळी नाकाला लावून ते जगतात, आणि नळी जाईल तेवढंच चालतात. वरचे लोक त्यांना म्हणतात, ‘नळ्या’. ‘ए नळ्या, भिंतीजवळ राहा.’ पाच मिनिटांत लिहून झालं. पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या नटाने तो शब्द असा काही थुंकला की ऐकणाऱ्यांनी उचलून धरला. महिन्याभरात लोक एकमेकांना चेष्टेत नळ्या म्हणायला लागले. कंपनीने स्टिकर काढले. मी बाबांना सांगितलं, माझा एक शब्द खूप चाललाय. “कुठला?” त्यांनी विचारलं. “आहे असाच एक,” मी म्हटलं आणि विषय बदलला. म्हणजे मला तेव्हाच कळलेलं होतं.

मशीनचा फिल्टर बदलायला दर तीन महिन्यांनी शिवडीहून एक माणूस येतो. चाळिशीचा, गप्पिष्ट. त्या दिवशी नळी पुसता पुसता तो हसून म्हणाला, “काय काका, पक्के नळ्या झालात तुम्ही.”

“म्हणजे काय रे?”

“अहो, मोबाईलवर एक स्टोरी आहे, मी बाईकवर ऐकतो. त्यात तळातली लोकं असतात. त्यांना मोकळी हवा घ्यायची परमिशन नाय. नळीतून मिळेल तेवढ्यावर जगायचं. वरचे त्यांना नळ्या बोलतात. ऐका तुम्ही, भारी आहे.”

तो अगदी आपुलकीने सांगत होता. मी किचनमध्ये चहाचं आधण ठेवून उभी होते. मी काय लिहिते ते बाबांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, “कोण लिहितं हे?”

“काय माहीत. पण डोकं आहे त्याला.”

तो चहा पिऊन गेला. मी कप विसळत म्हटलं, “बाबा, तो शब्द मी पाण्याच्या नळावरून केला होता.”

“माणूस बघूनच देतात, मी बोललो होतो तुला,” ते म्हणाले. “मग तू कोणाला बघितलंस?”

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी मी संपादकाला फोन करून म्हटलं, तो शब्द काढूया. “वेडी आहेस का? तोच तर चाललाय,” ती म्हणाली. “एकशे वीस भागांची सही केलीयस तू. अजून सत्तर राहिलेत.” कारण मी सांगितलं नाही. मग मी एका भागात शहरात त्या शब्दावर बंदी आणली. कंटाळवाणं झालंय म्हणून तो भाग परत आला. मग एक शूर नळ्या आणला, तो शब्द अभिमानाने मिरवणारा. ते त्यांना इतकं आवडलं की शब्द दुप्पट वेळा यायला लागला. मी काहीही केलं तरी तोच माजत होता. सोडूनही देता येत नव्हतं. बाबांनी हाक मारली की दोन पावलांत पोचता येईल असं दुसरं काम मला कुठे मिळणार होतं?

त्यानंतर एका दुपारी मीटररूमच्या कामासाठी बिल्डिंगची लाईट घालवली. नोटिशीत एक तास लिहिलं होतं, लागले तीन. लिफ्ट बंद, मशीन बंद. मी बाबांना जादाचा सिलिंडर लावला आणि त्याच्या काट्याकडे बघत बसले. माझं लक्ष दुसरीकडे वळवायचं म्हणून असेल, ते बोलायला लागले.

“आम्ही पण नावं ठेवली होती.”

“कोणाला?”

“साहेबाला. साहेब खात्यात शिरला की पहिल्या मशीनवरचा माणूस म्हणायचा, ढग आला. चुगली करणारा म्हणजे गळकं छप्पर.”

“मशिनींच्या एवढ्या आवाजात ऐकू कसं जायचं?”

“ऐकू कुठे येतंय. ओठ बघून कळायचं सगळ्यांना.”

“आणि साहेबाला?”

“कधीच नाय.” ते हसले आणि त्यांना ढास लागली. मी गप्प राहायला सांगितलं. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, दम घेतला आणि आणखी दोन शब्द सांगितले. साडेचारला लाईट आली.

पुढच्या आठवड्यात माझी तळातली माणसं एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलायला लागली. पहारेकरी दिसला की ढग म्हणायला लागली. “हे कुठून सुचलं?” संपादकाने विचारलं. “सुचलं,” मी म्हटलं. नळ्या मात्र गेला नाही, शेवटच्या भागापर्यंत टिकला. मालिकेचं दुसरं पर्व ठरलं आणि मी सही केली.

बाबांनी ती मालिका अजून ऐकलेली नाही. पण आता नवीन शब्द पाठवण्याआधी मी त्यांना वाचून दाखवते. ते हात हलवून चालेल की नाही ते सांगतात, कारणही देतात. गेल्या आठवड्यात, वरच्या लोकांच्या काचा पुसणाऱ्या बायकांसाठी मी ‘पुसणी’ असा शब्द केला होता.

“हा नको.”

“का पण?”

“नको म्हटलं ना.”

मी तीनदा विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या शब्दात त्यांना कोण दिसलं, ते मला कळलं नाही. मी तासभर दुसरा शब्द शोधला, जमला नाही. तीन वाजेपर्यंत पाठवायचं होतं. मी पाठवून दिला.

दिवेलागणीला त्यांनी विचारलं, “पाठवलास?”

मी हो म्हटलं. त्यांनी टीव्ही लावला आणि मी भाताला कुकर लावायला उठले.