उंदरांनंतरचा नंबर

बायकोची उरलेली औषधं गरजूंसाठी द्यायला मी परळच्या हॉस्पिटलात गेलो होतो. ती गेली, तरी तिच्या कॅन्सरवरचं नवं संशोधन मी अजून वाचतो. परीक्षा संपल्यावर अभ्यासाला बसणाऱ्या मुलासारखा.

बाकावर शेजारी लालबागचे एक गृहस्थ होते. गुडघ्यावर रुमालाची घडी घालायचे, मोडायचे, पुन्हा घालायचे. समोर चाकांच्या खुर्चीत त्यांची बायको होती. बोलता बोलता कळलं, तिलाही माझ्या बायकोचाच कॅन्सर. डॉक्टरांनी अजून चाचणीत असलेलं नवं औषध सुचवलं होतं आणि आज हो-नाही सांगायचं होतं.

"तुम्ही शिकलेले दिसता. काय करू, मास्तर?"

मास्तर म्हटल्यावर मी फुललोच. कॅन्सरची पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना कशी गाफील ठेवते, हे औषध त्यांना कसं जागं करतं, सगळं हातवारे करून सांगितलं. घरी हे ऐकताना बायको हमखास झोपायची.

"तुमच्या मिसेसना दिलेलं काय ओ हे?"

"नाही. तेव्हा ते उंदरांवरच चाललं होतं."

त्यांचा रुमाल थांबला.

"म्हणजे आधी उंदीर, आता आमची ही. मधल्या मध्ये तुमची तेवढी राहिली."

मग ते उठले. "चल गो, घेऊन बघू." आणि मला म्हणाले, "तुम्हीपण या आत. मला भीती वाटते."

मी गेलो. डॉक्टर समजावत होते, गृहस्थ मान हलवत होते. मी वाचलेलं सगळं डॉक्टरच सांगत होते. वहिनींच्या पायातली चप्पल निसटली होती, ती तेवढी मी वाकून घातली.