चाचांच्या हातची जवारी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि माझं काहीच तिच्यापासून लपत नाही, असं ती चारचौघांत सांगते. मी ऐकून घेतो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याला शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटली की बुवांकडे गाणं शिकायला जायचो. त्यांचा तंबोरा एकाएकी बोदा बोलायला लागला. जवारी बिघडली होती — म्हणजे ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा उतार झिजला होता. तो केसभर चुकला की तार गुंजत नाही, नुसती टणटणते. बुवा तंबोरा मिरजेला पाठवणार होते. मी म्हणालो, इथेच माणूस शोधतो. पुढे पुढे करायची खोड, दुसरं काय?

पण शोधायचा कसा? जवारी काढणारा कोणी आहे का, असं आठवडी बाजारात विचारलं, तर एकानं मला धान्याच्या अडत्याकडे धाडलं. “जवारी तं कवाचीच निघाली, गुरुजी,” अडत्या म्हणाला.

शेवटी देऊळघाटला अजीजचाचा भेटले. तिफणी-वखरांचं सुतारकाम करायचे. पण वडील सारंग्या दुरुस्त करत, तो हात यांच्यात उतरला होता. दुपारभर ते घोडी घासत होते — एकदा कानस, दोनदा कान. मग तारेखाली सूत सरकवलं आणि षड्ज असा भरून आला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “आता चार दिस वाजू द्या. घोडीले हात लावू नका,” चाचा म्हणाले.

मी हात लावला. का? आणखी गोड व्हावा म्हणून? की शेवटचा हात माझा, असं बुवांना सांगता यावं म्हणून? खरंच कळत नाही. घरी काचकागदानं थोडी घासली. बिघडलं ते सुधारायला आणखी थोडी — आणि तारा मेल्या. बुवांनी तार छेडली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चाचांनीच असा करून दिला.

बुवांनी चाचांना बोलावून घेतलं. त्यांनी घोडीवरून अंगठा फिरवला. त्यांची कानस एकाच दिशेनं चालायची. माझे ओरखडे आडवेतिडवे होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मी सतरंजीची दशी ओढत बसलो. मग ते बुवांना म्हणाले, “माह्याच हातून झालं असन.”

का म्हणाले तसं? मास्तराची अब्रू राखायला? की आपलं कोण ऐकणार म्हणून? तेव्हा तरी मला तोंड उघडता आलं असतं. मी पाणी आणायला आत गेलो.

बुवांचा शब्द आसपासच्या सगळ्या भजनी मंडळांत चालायचा. त्यानंतर चाचांकडे कोणी वाद्य नेलं नाही. देऊळघाटवरून एसटी जाताना ते दारात तिफणीचे दांडे तासताना दिसायचे. एकदा त्यांनी मला ओळखून हात वर केला. तेव्हापासून मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायला लागलो.

आता बुवा आणि चाचा दोघेही नाहीत. घोडी मी बिघडवली, हे त्यांतल्या एकालाच ठाऊक होतं.