अर्धी घंटा

गेल्या महिन्यात सलग तीन दिवस सकाळची ती अर्धी घंटा वाजली नाही, तेव्हा मला समाधान वाटलं होतं. टेलिफोनवाल्यांनी एकदाची माझी तक्रार ऐकली, असं बायकोला सांगूनही टाकलं. चौथ्या दिवशी पूर्ण घंटा वाजली. एक्स्चेंजमधल्या सुलभाताई बोलत होत्या. दामू पगारे गेला...

दामू आणि मी सटाण्याकडच्या एकाच गावचे. गावाबाहेर टेलिफोनच्या तारांचे खांब होते. लहानपणी आम्ही त्यांना कान लावून उभे राहायचो. आत गुणगुण चालायची. मी म्हणायचो, वारा आहे. दामू म्हणायचा, कोणीतरी बोलतंय. पुढे नाशिकला तो टेलिफोन खात्यात मेकॅनिक झाला आणि मी भंगार विकता विकता पत्र्याच्या शेडमध्ये पितळेचे बारीक भाग कापायला लागलो.

एका रविवारी तो कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घेऊन आला. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक फोनच्या दोन तारा एका लोखंडी चौकटीवर येतात. बिघाड आत आहे की बाहेर रस्त्यावर, हे बघायला दरवेळी कथलाचा डाग सोडवून तारा सुट्या कराव्या लागत. दामूने चिमट्याच्या तोंडाला पितळेच्या पट्ट्या लावल्या होत्या. चौकटीत चिमटा खुपसला की आतली आणि बाहेरची लाइन वेगळी व्हायची आणि दोन्ही तपासता यायच्या. पट्ट्या नीट बसेपर्यंत आम्ही कितीतरी रविवार घालवले. शेवटी मी वीस नमुने बनवले. म्हटलं, दोघांच्या नावावर पेटंट घेऊ, कारखानदारांशी मी बोलतो, तू फक्त गप्प राहा. तो हसला. मी ते हसणं होकार समजलो.

दोन महिन्यांनी देवळ्याला गेलो होतो. फोन लावायला तिथल्या एक्स्चेंजमध्ये शिरलो, तर चौकटीवर आमचाच चिमटा, कुणीतरी घरी बनवलेला. दामूनेच येऊन सगळ्यांना तो बनवायला शिकवलं होतं. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन, वहिनींसमोर, तोंडाला येईल ते बोललो. कोणाला विचारून दिलास, म्हणालो. त्याने मान वर केली.

"अरे, त्यांच्या लाइनी बंद व्हत्या."

एवढंच. पुन्हा तोंड बघणार नाही, असं सांगून मी निघालो. मी शब्द पाळणारा माणूस आहे.

पुढे माझ्या शेडमध्ये फोन आला आणि ती घंटा सुरू झाली. रोज पावणेदहाला, उदबत्ती लावताना, अर्धवट वाजून थांबायची. उचलला की नुसता लाइनचा तो संथ आवाज, खांबातल्या गुणगुणीसारखा... मी तो बराच वेळ ऐकत राहायचो. गावचे खांब दिसायचे, त्यांच्याभोवतीची बाजरी दिसायची. मग राग यायचा. तीन वेळा लेखी तक्रार केली.

दामूच्या शोकसभेनंतर सुलभाताईंनी मला चौकटीपाशी नेलं. म्हणाल्या, "कामावर आले की पगारेभाऊ आधी तुमच्या नंबरला चिमटा लावायचे. लाइन तपासायची, जराशी घंटा द्यायची. मग बाकीचं नाशिक." चिमटा खिळ्याला सुतळीने टांगलेला होता. माझ्या वीसांतला. कापाची धार मी ओळखली. मग त्यांनी तक्रारवही उघडली. माझ्या तिन्ही तक्रारींपुढे, शेऱ्याच्या जागी, दामूचं वळणदार अक्षर होतं: लाइन बरी शे.

'आहे'ला 'शे' म्हणणारी गावची बोली, सरकारी वहीत... आठ वर्षं तो रोज माझ्याशी बोलत होता आणि मी त्याच्याच खात्याकडे त्याची तक्रार करत होतो.

त्याने आधी विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. तेवढ्यासाठी मी त्याच्याशी अजून भांडेन. पण त्या दिवशी मी सुलभाताईंकडून पेन मागून घेतलं आणि वहीत चौथी तक्रार लिहिली: सकाळी पावणेदहाची घंटा येत नाही.

परवा पुन्हा जाऊन पाहिलं. शेऱ्याची जागा त्यांनी रिकामीच ठेवली आहे.