उपटलेला लव्हाळा

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या भिंतीमागे मचूळ पाण्याचं तळं आहे. भरतीचं खारं पाणी आणि डोंगरावरून येणारं गोडं पाणी तिथे मिसळतं, आणि अशाच पाण्यात एक टाचणी जगते. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. आमच्याकडची अशी बाकीची तळी भरावाखाली गेली, माझ्या माहितीत ही टाचणी उरली होती ती इथेच. मी तिच्या नोंदी ठेवायला तिथे जायचे, पण सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना तिथे फक्त डास दिसायचे. निवृत्त बँक अधिकारी, शिस्तीचा माणूस. टाचणी डास खाते हे त्यांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. एकदाचं पटलं, तेव्हा साफसफाईचा रविवार त्यांनी स्वतःच ठरवला. गमबूटही आणले.

त्या रविवारी मी डोंबिवलीहून वेळेत निघाले आणि माजिवड्याला अडकले. काकांचा फोन आला, सगळे जमलेत, सुरुवात करू का? म्हटलं, करा की, त्यात विचारायचं काय!

कॅब जागची हलेना. तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. प्लास्टिकच्या कचऱ्याशेजारी लव्हाळ्याचा, म्हणजे तळ्यातल्या उंच गवताचा, हा मोठा ढीग. खाली काकांनी लिहिलेलं, घंटागाडी बोलावली आहे.

अरे देवा! टाचणी अंडी घालते ती त्याच लव्हाळ्याच्या देठात. कचरा काढा, असं मी सांगितलं होतं. गवत म्हणजे कचरा नाही हे वेगळं सांगावं लागेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

काकांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग आणखी दोघांना लावला, तेही उचलेनात. फोटो टाकल्यावर, हात चिखलाचे होतात म्हणून सगळ्यांनी आपापले फोन एका पिशवीत टाकले होते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र मी ड्रायव्हरवर, सिग्नलवर, मेट्रोच्या खांबांवर, दिसेल त्याच्यावर चिडत होते. मॅडम, उडून जाऊ का, असं तो म्हणाला. शेवटचा टप्पा मी उतरून चक्क पळत गेले.

घंटागाडी आली होती. निम्मा ढीग आत गेलेला. मी ओरडून गाडी थांबवली आणि धापा टाकतच सगळं सांगितलं. काका चिखलात तसेच उभे. गुडघे दुखतात म्हणून एक मजला न चढणारा माणूस सकाळपासून वाकून ते गवत उपटत होता. त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून आले होते, पण त्यांना बघून ते राहूनच गेलं.

"म्हणजे ताई, मी तिची अंडीच कचऱ्यात टाकली?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. मग सगळ्यांनी मिळून गाडीतलं गवत परत काढलं, सुतळीने जुड्या बांधल्या आणि बांबू रोवून पाण्यात उभ्या केल्या. अंडी जगतील की कुजतील, कोण सांगणार? माझी तर झोपच उडाली.

त्यानंतर काका रोज सकाळी तळ्यावर जायचे आणि मला मेसेज टाकायचे, आज काही नाही. पावसाळा लागला, तरी आज काही नाही. मोबाईल वाजला की माझा जीव खालीवर व्हायचा. आणि एका सकाळी मेसेजच आला नाही. फोन केला, तर उचलेनात. पाय घसरून पाण्यात तर पडले नसतील ना? नाही नाही ते मनात आलं. होते त्याच कपड्यांत निघाले.

काका तळ्याच्या काठावर बसले होते. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या हाताच्या अंतरावर, आम्ही बांधलेल्या जुडीतल्या एका देठाला फिकट, कोवळी टाचणी चिकटली होती. पंख अजून वाळायचे होते, आणि खाली तिने टाकलेली कात तशीच लटकत होती.

"खिशात फोन थरथरत होता," ते कुजबुजले. "पण हात हलवला असता, तर ती घाबरली असती."