चाकूरच्या अलीकडचा आवाज

अहमदपूर सोडलं तेव्हा पहिल्यांदा मला तो आवाज आला. चिक, चिक, चिक. कुठंतरी पायाखाली पाखरू अडकून बसलंय असा. गाडीनं वेग घेतला की इंजिनाच्या घरघरीत बुडायचा, आणि गतिरोधकाजवळ गाडी हळू झाली की पुन्हा वर यायचा.

आमचा ट्रक जुना. बिलोलीकडून सोयाबीन भरून लातूरच्या तेलमिलला निघाला होता. मुलगी तिथं क्लासला होती, तिला भेटावं म्हणून मीही नवऱ्याच्या शेजारी केबिनमध्ये बसले होते. मांडीवर तिच्यासाठी केलेल्या शेंगापोळ्यांचा डबा. मला गाडीचे सुटे भाग कळत नाहीत. पण इतकी वर्षं ओट्यावर बसून त्या गाडीची वाट बघितलेली. ती वळणावर आली की आवाजावरून कळायचं, भरलेली आहे की रिकामी. हा आवाज तिचा नव्हता.

"अहो, काहीतरी वाजून राहिलंय," मी म्हणाले.

"कुठं?"

"खाली. चिक चिक करतंय."

त्यांनी मान जराशी वाकडी करून ऐकलं. "काई न्हाई. केबिनचं दार असंल."

मी दार दाबून धरलं. आवाज तसाच. मग सीटखालची पाण्याची कॅन पायानं घट्ट धरली, टूलबॉक्सचं झाकण धरलं. आवाज चालूच. पुढं एका चढाला त्यांनी गिअर बदलला, तेव्हा खालून 'टण्' असा ठोका बसला. तो मात्र त्यांनाही जाणवला, कारण त्यांचा हात गिअरवर थबकला.

"हा ठोका कवाचा?" त्यांनी मलाच विचारलं.

"मला काय माहीत? गाडी तुम्ही चालवता."

त्यांनी गाडी पुढं काढली. मला वाटायला लागलं, आपण उगीच त्यांच्या जिवाला घोर लावला. आणि लगेच उलटंही वाटायचं, मी गप्प बसले आणि पुढं काही झालं तर? समोरून एसटी आली, ऊस भरलेले ट्रॅक्टर आले. प्रत्येक वेळी मी डबा आवळून धरत होते. आवाज आता मला सतत येत होता, की माझ्या डोक्यातच बसला होता, तेही कळेना.

शेवटी मीच हट्ट धरला. चाकूरच्या अलीकडं एका बंद पडलेल्या धाब्यासमोर मोठं सपाट मैदान होतं. तिथं त्यांनी गाडी आत घेतली. उभ्या गाडीचं इंजिन जोरात फिरवून बघितलं. चिकचिक नाही.

"म्हंजी इंजिन न्हाई," ते म्हणाले. "तू खाली उतर. मी हळू चालवतो. चाकापासून लांब ऱ्हा, अन् आईक."

मी पदर खोचला आणि भरल्या गाडीच्या बाजूनं चालायला लागले. गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती.

"येतोय का?" खिडकीतून ते ओरडले.

"येतोय!"

"आता न्यूट्रल करतो. आता?"

"अजून येतोय!"

"मंग गिअरबॉक्स बी न्हाई. चाकाजवळ हाय का मधी?"

मी मागच्या चाकापर्यंत थांबत थांबत गेले. तिथं कमी होता. पुन्हा पुढं आले. केबिनच्या जरा मागं, गाडीच्या पोटात, तो स्वच्छ ऐकू यायचा. "मधी!" मी ओरडले. "तुमच्या पाठीमागं!"

गाडी थांबली. चाकांना दगड लावून ते खाली शिरले. त्यांच्या चपला तेवढ्या मला दिसत होत्या. वर एवढं ओझं आणि खाली हा माणूस. मी वाकून सारखी विचारत होते, "सापडलं का? या ना बाहेर." मग लोखंड हलवल्याचा आवाज आला, खळ्ळ, खळ्ळ.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांना लाल पूड लागली होती, गंजाची. तोंड उतरलेलं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, ग्रीस संपून कोरडा पडला आणि खलास झाला होता. हातानं शाफ्ट डुलत होता.

"पळत्या गाडीत पुढचं टोक सुटलं असतं," ते म्हणाले, "तर रस्त्यात रुतून गाडी उचलली असती."

चाकूरहून मिस्त्री मोटारसायकलवर नवा क्रॉस घेऊन आला. जुना काढून हातात फिरवत तो हसत म्हणाला, "मामा, असला क्रॉस लई दिवस ओरडत असतो. तुमाला आईकू आला न्हाई?"

नवरा खाली बघत पाना पुसत होता.

"आला की," मीच म्हणाले. "म्हणून तर थांबलो."

मिस्त्री गेला. गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. पायाखाली सगळं शांत होतं, तरी माझे कान तिथंच. चाकूर मागं पडल्यावर ते म्हणाले, "मला तो आवाज खरंच आला न्हाई. तू सांगितलंस तवाबी न्हाई आला."

तेव्हा मला खरी भीती वाटली. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन वाजत राहायचा, कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, आणि मी चिडून म्हणायचे, लक्ष कुठं असतं तुमचं. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न? तो तरी येतो का? मागून काय येतंय ते आरशात मीच बघत बसले, लातूर येईपर्यंत.

माल उतरवल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं, तिनंच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. बारीक, चढे आवाज त्यांना येईनासे झाले होते. इंजिनाशेजारी बसून कान गेले. हॉर्न येतो, एवढं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तेव्हा मी खुर्चीवर टेकले.

कानाचं मशीन त्यांनी घेतलं, पण केबिनमध्ये ते लावलं की सगळंच गर्जतं म्हणतात. गाडी अजून चालवतात, फक्त जवळच्या फेऱ्या. निघण्याआधी खाली शिरून शाफ्ट हातानं हलवून बघतात. मी ओट्यावरून म्हणते, "जरा पुढं-मागं करा." गाडी सरकते, मी ऐकते. काही नसतं. तरी आणखी एकदा करायला लावते.