निशाणी शिडी

पालिकेच्या निवडणुकीत मरोळमधून अपक्ष उभ्या राहिलेल्या आमच्या शेजाऱ्याकडे पोस्टरला पैसे नव्हते. निशाणी शिडी मिळाली, म्हणून तो खरी शिडीच खांद्यावर घेऊन चाळीचाळीतून फिरायचा. भाषण एवढंच, "ही आपली निशाणी. बघून ठेवा." कुणी बल्ब बदलायला शिडी मागितली, की प्रचार सोडून ती धरून उभा राहायचा. मला ते येडपट वाटे.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी नाक्यावर विरोधी उमेदवाराचा कार्यकर्ता खांबावर कापडी बॅनर बांधायला धडपडत होता. याने शिडी खांबाला टेकवली, त्याला वर चढवलं आणि खालून घट्ट धरली.

"अरे, तो तुझ्या विरोधातला ना?" मी म्हटलं.

"म्हणून काय पडू देऊ?"

वरून कार्यकर्त्याने विचारलं, "काका, सरळ लागलाय ना?"

त्याने मान वर करून नीट पाहिलं.

"डावीकडून जरा खाली घे."